आभारांतील हिशेब

आपल्याहून दीन मनुष्य दृष्टीस पडला, कीं आपण मनांतल्या मनांत देवाचे आभार मानतों. त्या आभारांत दुसऱ्याच्या दुःखाचा वांटा किती, हा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं! पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचतांना आम्हांस तो करावासा वाटतो. १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे आईबाप व वडील बहीण पाठोपाठ गेलीं. झाडपाला खाऊन राहण्याचा प्रसंग त्यांवर आला होता. पुढें १८८९ त शारदासदन निघालें. अन्नाची ददात उरली नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत ‘आपण सुटलों’ म्हणून त्यांना स्वस्थ बसतां आलें असतें. त्यांच्या धर्मांतराविषयीं वाद घालणारे खुशाल घालोत. त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग होता, म्हणून त्यांची सोय केडगांवच्या शेतांत केली.