बेचिराख गावे आणि परतलेली घरे

उज्जैनमध्ये रेल्वे स्टेशनच्या जवळ देवास गेट नावाचा गजबजलेला भाग आहे. महाकालाच्या दर्शनासाठी येणारे पुष्कळ यात्रेकरू याच परिसरातून शहरात शिरतात. त्यांचे लक्ष मंदिराकडे आणि क्षिप्रेच्या घाटाकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण देवास गेट या नावातच शहराबाहेर जाणारी एक वाट आहे. ती माळव्याच्या काळ्या शेतांतून, खेड्यापाड्यांतून पवारांच्या देवासकडे जाते. आज मी आपणांस मंदिरांविषयी किंवा राजवाड्यांविषयी सांगणार नाही. या वाटांवरच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची जुनी घरे एकदा कशी ओस पडली आणि पुन्हा कशी उभी राहिली, ती हकीकत मला सांगावयाची आहे. तिच्याशी मराठी माणसाचा दुहेरी संबंध आहे. घरे ओस पाडणाऱ्यांतही आपली माणसे होती आणि ती वसविणाऱ्यांतही होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंदे आणि होळकर या दोन मराठी घराण्यांत वैर पेटले. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. उज्जैनचा सूड इंदुरावर उगविला गेला. परंतु दोन्ही वेळा फौजांच्या वाटेवरील उभी पिके गेली ती कुणब्यांचीच. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. पगार थकलेल्या फौजा आणि त्यांच्या मागून फिरणारे पेंढारी यांना आवर घालणारा कोणी उरला नाही. अखेरीस २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनच्या उत्तरेस, क्षिप्रेच्याच काठी, महिदपूर येथे होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला.

त्या वेळी खेड्यांची काय अवस्था होती, ते एका शब्दावरून कळते. तो शब्द म्हणजे 'बेचिराख'. वर्गात मी या शब्दाचा अर्थ विचारतो तेव्हा मुले हमखास 'राख झालेले' असे उत्तर देतात. आपल्या कानाला त्यात राख ऐकू येते, म्हणून ही समजूत रूढ झाली आहे. मुळात तो फारसी 'बेचिराग' आहे. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात सांजवेळी एकाही घरी दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. महसुली दप्तरांत ओसाड गावांची नोंद याच शब्दाने होत असे. महाराष्ट्रात वस्ती नसलेल्या गावाला महसूल खाते आजही बेचिराग म्हणते. गाव जळले की बुडाले, हे त्या शब्दाला ठाऊक नाही. तेथे माणूस राहत नाही, एवढेच तो सांगतो.

माळव्याचा कारभार त्या वेळी ज्याच्याकडे आला, तो इंग्रज सेनानी सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या गावांची गणती दिली आहे. होळकर सरकारच्या ३,७०१ गावांपैकी १८१७ च्या अखेरीस २,०३८ गावांत वस्ती होती. उरलेली १,६६३ बेचिराग होती. म्हणजे शंभरांतील पंचेचाळीस गावांत दिवा लागत नव्हता. तहानंतर पहिल्या वर्षी, १८१८ मध्ये, २६९ गावे पुन्हा वसली; १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८. तीन वर्षांत ११२० गावांत दिवे लागले आणि ५४३ गावे तशीच राहिली.

श्रोतेहो, गाव वसले असे आपण एका शब्दात म्हणतो. पण प्रत्येक घराच्या दृष्टीने त्यात काय काय आले, याचा विचार करावा. आपल्या जुन्या महसुली भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे घरांची जागा. या विभागणीत मोठा व्यवहार होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. ती कापसाला, गव्हाला उत्तम. भिंतीला मात्र वैरीण. म्हणून घर पांढरीत बांधावयाचे, आणि काळ्या रानात बांधणे भागच पडले तर पाया खाली मुरमापर्यंत न्यावयाचा. दगडाचे जोते, त्यावर मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर. बाजूला गुरांचा गोठा, वैरणीची जागा, पाण्याचा आड, मळणीचे खळे आणि धान्याची कणगी अथवा जमिनीतील पेव. हे सारे मिळून शेतकऱ्याचे घर होते. राहण्याची खोली हा त्याचा एक भाग झाला.

अशा घराचे आयुष्य छपरावर अवलंबून असते. दर वर्षी मृगाच्या आधी शाकारणी झाली, की मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शाकारणी चुकली, की पहिल्या पावसाळ्यात आढे भिजते, दुसऱ्यात वासे कुजतात आणि पुढे भिंतीच खाली बसू लागतात. लाकूड तर वाटसरू आणि लष्कर शेकोटीला नेतात. काही वर्षांनी उरते ते जोते, भिंतीचे काही हात उंचीचे थोटके आणि बुजलेला आड. परत येणाऱ्यांना आपले घर असे सापडणार होते.

आणि तरीही ते परत आले. माल्कमने विशेषतः नर्मदेच्या काठच्या गावांविषयी लिहिले आहे, की शेकडो गावांचे लोक जिथे पोट भरेल तिथे पांगले होते. कित्येक पाटील लहानपणीच बाहेर पडले होते. कित्येकांचे वडील परमुलखात वारले होते. शांतता होताच हे लोक आपल्या छप्पर नसलेल्या घरांकडे लोटले. गाव सोडणाऱ्या पाटलाचा नातू किंवा पणतू एवढाच वारस उरला असेल, तर त्या तान्ह्या पाटलाला कडेवर घेऊन लोक त्याच्या मागोमाग गावात शिरत. नवल पुढेच आहे. घराची प्रत्येक भिंत आणि प्रत्येक शेत ज्याचे त्याने ताब्यात घेतले. आपसांत तंटा झाला नाही, सरकारशीही झाला नाही. थोड्याच दिवसांत गावाचे व्यवहार जणू कधी थांबलेच नव्हते, असे चालू झाले.

हे कसे शक्य झाले? पहिले कारण म्हणजे वतन. पाटील गावाबाहेर असला तरी तो त्या गावाचा पाटीलच राही. जमीन सोडली म्हणून हक्क सुटला असे कोणी मानीत नसे. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. परागंदा झालेल्या या कुटुंबांनी परमुलखातही आपसांत सोयरिकी केल्या आणि संकटाने त्यांचे धागे तुटण्याऐवजी अधिक घट्ट झाले, असे माल्कम नमूद करतो. गाव जागेवर नव्हते, पण माणसांत होते. कोणाचे जोते कोणते, बांध कुठून कुठवर, आडाचे पाणी कोणाकोणाचे, हे आजीकडून नातवाला कळत राहिले असले पाहिजे. नाहीतर न पाहिलेली भिंत मुलाने ओळखावी कशी?

तिसरे कारण राज्यकर्त्यांकडून आले. ओसाड गाव वसवावयाचे तर पहिल्या वर्षी पूर्ण सारा मागून चालत नाही, हे मराठी कारभाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होते. त्यासाठी कौल देण्याची, सारा वर्षागणिक थोडाथोडा वाढविण्याची, म्हणजे इस्ताव्याची, आणि बैल-बियाण्यासाठी तगाई देण्याची वहिवाट पेशवाईच्या दप्तरांत जागोजाग दिसते. मंदसोरच्या तहानंतर यशवंतरावांचे अल्पवयीन पुत्र मल्हारराव गादीवर होते आणि होळकरांची दिवाणगिरी तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, यांच्याकडे होती. १८२६ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, त्यांनी ती सांभाळली. मोडलेल्या राज्याची घडी बसविणाऱ्या या मराठी कारभाऱ्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. लढाई हरलेल्या राज्यातील शांततेचा इतिहास आपण फारसा वाचत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा वृत्तांत विजयी पक्षाच्या अधिकाऱ्याचा आहे, आणि आपल्या अमलाखाली प्रजा सुखी झाली हे दाखविण्यात त्याचा स्वार्थ होता. शिवाय परतणाऱ्यांत ज्यांचे वतन होते, त्यांचीच नोंद ठळकपणे झाली. ज्यांच्या नावावर जोतेही नव्हते अशा मजुरांचे काय झाले, हे त्या आकड्यांतून दिसत नाही. ही उणीव लक्षात ठेवूनही ११२० गावांची गोष्ट लहान होत नाही.

तिच्याशेजारी उज्जैनजवळचीच एक दुसरी दुरुस्ती ठेवून पाहावी. शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या प्रवाहात कालियादेह नावाचा महाल आहे. मांडूच्या सुलतानांच्या काळातील ही वास्तू पेंढाऱ्यांच्या धामधुमीत खराब झाली होती. १९२० मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. काम राजाच्या इतमामाने झाले. पण तेथे नित्य राहणारे, दर पावसाळ्याआधी छपराकडे पाहणारे कुटुंब नव्हते, आणि पुढे महाल पुन्हा ओस पडला. याउलट मातीची घरे दुबळी असूनही टिकली, कारण त्यांना शाकारणारे हात घरातच होते.

आज आपल्यासमोर हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला आहे. कोकणात, देशावर, माळव्यातही, कितीतरी वडिलोपार्जित घरे कुलूप लावून उभी आहेत. ती दुरुस्त करावी असे पुष्कळांना वाटते. त्याची विद्याही अवघड नाही. आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग भिंती. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, कारण आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही; मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच तिला मानवतो. गोठा आणि खळे निकामी झाले म्हणून पाडण्याची घाई करू नये. त्यांना नवे काम द्यावे. हे सर्व गवंडी सांगू शकतो, सुतार सांगू शकतो.

परंतु गवंड्याला सोडविता येत नाही असा एक गुंता आहे. सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर वीस नावे असतात. एक भाऊ मुंबईस, एक परदेशी, चुलत्यांशी बोलणे बंद. छप्पर शाकारावयाचे तर खर्च कोणी करावा, आणि केलाच तर घर त्याचे होणार काय, या शंकेत एक पावसाळा जातो, दुसरा जातो. वतने कायद्याने गेली आणि ती जावयास हवीच होती. त्यांत अन्यायही पुष्कळ होता. पण १८१८ च्या त्या कुळवाड्यांजवळ असे काही होते जे वतनाबरोबर जावयास नको होते. घर कोणाचे, यापेक्षा घर आपल्या सर्वांचे आहे हे आधी मान्य करण्याची रीत त्यांच्यापाशी होती. म्हणून पणतूला कडेवर घेऊन आलेल्या त्या लोकांना भिंतींवरून भांडावे लागले नाही.

आपल्यापैकी ज्यांचे गावी असे घर असेल, त्यांनी या मे महिन्यात भावंडांना एकत्र बोलवावे. ज्यांना आठवते त्या वडीलधाऱ्यांकडून कोणता बांध कुठे, कोणती खोली कोणी बांधली, हे विचारून लिहून ठेवावे. खर्चाची आणि हक्काची बोलणी कागदावर आणावी. नंतर गवंडी बोलवावा. माळव्यातील ती ५४३ गावे १८२० च्या अखेरीसही दिव्याची वाट पाहत होती. आपल्या घरावर तशी पाळी येऊ न देणे अजून आपल्या हाती आहे.