काकांचं मशीन

मार्चमध्ये काकांचा उजवा हात तासभर लुळा पडला आणि आपोआप बरा झाला. मेंदूला गुठळी गेली असेल तर ती आली कुठून, हे शोधायला उल्हासनगरला टू-डी इको करायला नेलं. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलला. कास्टिंगमध्ये तडा आहे का, ते अल्ट्रासाऊंडनं बघायचे. छातीवर जेल लावून प्रोब टेकवल्यावर म्हणाले, "अरे, हे तर आमचंच मशीन!"

रात्री बदलापूरला घरी येऊन वाचत बसलो, तर काका शंभर टक्के बरोबर!

१९५३ साल. स्वीडनमधल्या लुंडचे डॉ. इंगे एडलर. मायट्रल झडप अरुंद झालेल्यांची ऑपरेशनं नुकती सुरू झाली होती. पण झडप नुसती अरुंद आहे की गळतेही आहे, हे आधी कळणार कसं? त्यांनी कार्ल हेल्मुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं (नोबेलवाल्या गुस्ताव हर्ट्झचा मुलगा). माल्मोच्या कोकुम्स जहाज कारखान्यात धातूतले दोष शोधायचं यंत्र होतं. हर्ट्झनं ते स्वतःच्या छातीला लावलं, आणि पडद्यावर ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी! २९ ऑक्टोबर १९५३ ला हृदयाची पहिली नोंद झाली. चित्र वगैरे नाही, नुसत्या रेघा.

पुढचा किस्सा तर आमच्या धंद्यातलाच वाटतो. सगळ्यात ठळक रेघ एडलरना डाव्या कर्णिकेची भिंत वाटली. ती निघाली मायट्रल झडपेचं पुढचं पान. कसं कळलं? रुग्ण दगावल्यावर प्रोबच्याच जागी, त्याच दिशेनं छातीत टोचा घालून तो कुठे लागतो ते बघितलं. डीबगिंग म्हणजे आणखी काय असतं?

१९५९ मध्ये जर्मनीत एफर्ट आणि सहकाऱ्यांनी अशाच रेघांवरून डाव्या कर्णिकेतली गाठ ओळखली. तिथली नेहमीची गाठ म्हणजे मिक्सोमा. देठावर लोंबते, मायट्रल झडपेत येऊन अडकते, आणि लक्षणं झडप अरुंद झाल्यासारखीच. स्टेथोस्कोप सहज फसतो.

खुद्द झडपेवरची नेहमीची गाठ वेगळी. तिचं नाव पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा, आकार बहुतेकदा सेंटिमीटरभर. कॅन्सर नसतो, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. इतकी छोटी गाठ छातीवरून निसटू शकते, म्हणून अन्ननलिकेतून प्रोब घालून बघतात. अन्ननलिका हृदयाला मागून खेटूनच जाते ना.

काकांच्या महाधमनीच्या झडपेवर ९ मिलिमीटरचं काहीतरी हलतंय. जंतुसंसर्गातली वाढही अशीच दिसते, त्यामुळे ब्लड कल्चरही पाठवलंय. देठ, जागा, हालचाल यांवरून अंदाज बांधता येतो. पक्कं नाव, काढलीच तर, मायक्रोस्कोपखाली.

"आम्ही तडा दिसला की पीस रिजेक्ट करायचो," काका म्हणाले. "इथे काय करतात?"

मंगळवारी अन्ननलिकेतली इको आहे. उपाशीपोटी यायला सांगितलंय. काकांना त्यातल्या त्यात काळजी सकाळच्या चहाची.