जल, जंगल, जमीन

जल, जंगल, जमीन : नैसर्गिक साधनांवर आदिवासींचा हक्क सांगणारी घोषणा, पुढे बोलण्यात रुळलेला शब्दप्रयोग. परंपरेने तिचे श्रेय जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड नेते कुमराम भीमू (कोमरम भीम) यांना दिले जाते.

अर्थ व वापर : तीन नामे आहेत, क्रियापद नाही, ‘आमचे’ हा शब्द अध्याहृत. मराठीत प्रत्यय फक्त शेवटच्या नामाला लागतो : ‘जल, जंगल, जमिनीचा प्रश्न’. रोजच्या बोलण्यात मराठी माणूस ‘पाणी’ म्हणतो, गोंड ‘येर’. घोषणेचे वळण मात्र हिंदुस्थानी, म्हणून गोंड, कोलाम, मराठी आणि तेलुगू भाषकांना ती सारखीच कळते. हेच तिचे बळ.

पार्श्वभूमी : निजामी राजवटीत जंगले राखीव झाली, कसणाऱ्यांना हुसकावले गेले. बाबेझरी-जोडेघाट परिसरात भीमूंनी जंगल साफ करून वस्त्या उभारल्या. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात ते सहकाऱ्यांसह मारले गेले. तारखेबाबत एकमत नाही. जोडेघाटला स्मृतिदिन आश्विन पौर्णिमेला पाळतात.

या काळाची सर्वांत भरीव नोंद मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची. त्यांचे ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) व ‘द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) हे ग्रंथ आजही टाळता येत नाहीत. त्यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र निघाले. थोडेफार शिकलेले गोंड मराठी वाचत असल्याने गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईतच आहे.

१९५६ च्या पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादमधून मुंबई राज्यात आले. गोंडांची सोयरीक मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

इंद्रवेल्ली : २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. संघटना तो बराच मोठा सांगतात.

सद्यःस्थिती : २०१६ मधील जिल्हा विभाजनानंतर जोडेघाट व मारलवाई कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, तर इंद्रवेल्ली आदिलाबादमध्येच आहे. वनहक्क कायद्याखालील (२००६) दाव्यांच्या मोर्चांत, महाराष्ट्रातही, ही घोषणा दिली जाते.

चित्रपट : भीमूंच्या नावाचे कल्पित पात्र असलेला ‘आरआरआर’ (२०२२).