कावीळ, के जीवनसत्त्व आणि तुपाची धार



फरीज बिन ओमरानमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हमद रुग्णालय म्हणजे शेजारच. तरीही घरात दुखणे आले की पहिला सल्ला गावाकडून येतो. एका गणपतीत आरतीनंतर मंडळातल्या एका वहिनींनी आम्हाला बाजूला घेतले. सांगलीत त्यांच्या सासऱ्यांना कावीळ झाली होती. ताप नाही, दुखणे नाही, वजन मात्र उतरलेले. गावठी औषध चालू होते आणि तेल-तूप बंद करून त्यांना पेजेवर ठेवले होते. "तुम्ही डॉक्टर ना?" आम्ही डॉक्टर खरे, पण रसायनशास्त्राचे! तरी एवढे सांगितले, की उतारवयातली अशी न दुखणारी कावीळ पित्तनलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीनेही होते. आधी सोनोग्राफी करा. दुर्दैवाने तेच निघाले. त्या निमित्ताने आम्ही या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला. त्यात आमच्या विषयाचा वाटा निघाला, म्हणून हा लेख.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. बर्लिनच्या काउश यांनी ती त्याआधी, १९०९ मध्ये, करून पाहिली होती. स्वादुपिंडाचे डोके, त्याला चिकटलेला आतड्याचा पहिला भाग आणि पित्तनलिकेचे टोक काढायचे आणि उरलेले पुन्हा जोडायचे. पण ती दोन टप्प्यांत करावी लागे. आधी पित्ताला वाट काढून द्यायची, काही आठवड्यांनी गाठ काढायची. कारण काविळीच्या रोग्याला कापले, की रक्त थांबत नसे.

हे कोडे कोंबड्यांच्या खुराड्यात सुटले. कोपनहेगनचे हेन्रिक डाम पिलांना स्निग्धांश काढलेले खाद्य घालत होते. पिलांना रक्तस्राव होऊ लागला. खाद्यातून चरबीबरोबर जे निघून गेले होते त्याला त्यांनी १९३५ मध्ये 'के' जीवनसत्त्व म्हटले. १९३९ मध्ये ते शुद्ध स्वरूपात हाती आले. अमेरिकेत डॉयझी यांनी त्याचा एक प्रकार लसूणघासातून काढला, तर दुसरा चक्क सडलेल्या मासळीच्या कुटातून. (प्रयोगशाळेतल्या वासाची कल्पना आम्ही करू शकतो.) दोघांना १९४३ चे नोबेल मिळाले. उलगडा साधा होता: पित्त आतड्यात उतरले नाही तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, आणि त्यात विरघळणारे 'के'ही अंगी लागत नाही. १९३८ पासून काविळीच्या रोग्यांना ते देऊ लागले. १९४० मध्ये व्हिपल यांनी एकाच टप्प्यात शस्त्रक्रिया केली.

अन्नाचा दुसरा धडा १९३६ चा. क्लीव्हलंडच्या स्टडली यांनी जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. आधी पाचवा हिस्सा वजन गमावलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के दगावले; बाकीच्यांत जेमतेम ३.५ टक्के. आजार दुसरा, पण आमच्या मते पेजेवर ठेवणाऱ्या घरांनी हे आकडे जरूर पाहावेत.

तरी व्हिपल यांची शस्त्रक्रिया कित्येक दशके जिवावरचीच राहिली. १९६०-७० च्या सुमारास अनेक ठिकाणी पाचांतला एक रोगी दगावे. आता अनुभवी रुग्णालयांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आहे. परळचे टाटा मेमोरिअल १९४१ साली सुरू झाले. तिथल्या डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आपल्या रुग्णालयाचा अनुभव प्रसिद्ध केला: कामाची घडी नव्याने बसवल्यावर निकाल सुधारले. थोडक्यात, ही शस्त्रक्रिया रोज करणाऱ्या हातांतच द्यावी. दुसरे म्हणजे, पूर्वी आधी नळी घालून कावीळ उतरवण्याचा प्रघात होता. २०१० मध्ये हॉलंडच्या अभ्यासात सरसकट तसे केल्याने गुंतागुंत वाढलेली दिसली. कोणाला नळी लागेल, हे डॉक्टरच ठरवतील.

वहिनींच्या सासऱ्यांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि पुढच्या हिवाळ्यात ते दोह्याला आले. स्वादुपिंड कमी झाले, की पाचक रस गोळीतून घ्यावा लागतो, तोही जेवताना. मागाहून घेऊन उपयोग नाही. हा रस डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. घरात कोणी ते त्यांना सांगायला धजावत नव्हते, आणि ते अर्ध्या गोळ्या टाळत होते. शेवटी आम्हीच पानावर बसल्या बसल्या सांगितले.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग गोळी तोंडात टाकून म्हणाले, "सूनबाई, वरणावर तूप वाढ."