पाच अतिचार आणि देसाईगंजचं ठाणं

प्रतिक्रमणात आपण अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार म्हणतो: वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं. लहानपणी मला वाटायचं, हे सगळं बैलांपुरतंच आहे. बालाघाटला दारावरून धानाची खच्चून भरलेली गाडी गेली, की आजी म्हणायची, "बघ, अतिभार!" पुढे छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की कोठडीतल्या माणसाचीही हीच यादी आहे.

तो करार १९८४ चा. सरकारी माणसाने स्वतः, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, कबुलीसाठी किंवा धाक घालायला मुद्दाम दिलेली तीव्र वेदना म्हणजे छळ. ती मनाची असली तरी छळच. युद्ध असो की आणीबाणी, सबब चालत नाही. भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला त्यावर सही केली, पुष्टी मात्र अजून दिलेली नाही. म्हणजे महाराजसाहेबांपुढे हात जोडले, पण पच्चक्खाण घेतलंच नाही! पुष्टी दिली की जगापुढे ठरावीक काळाने हिशेब द्यावा लागतो. २०१० मध्ये लोकसभेने छळ-प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि तिथून ते पुढे सरकलंच नाही. २०१७ मध्ये विधी आयोगाने नवा मसुदा दिला, तोही तसाच पडून.

मग आपल्याकडे जे थोडंफार झालं, ते कशामुळे? त्यासाठी फार लांब जायला नको. बालाघाटहून गोंदिया, तिथून वडसा, म्हणजेच देसाईगंज. १९५६ पर्यंत बालाघाट आणि चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. देसाईगंजच्या ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा ही आदिवासी मुलगी जबाबासाठी आली होती. वय चौदा ते सोळा. फिर्याद तिच्याच भावाची. जबाब झाल्यावर घरच्यांना बाहेर पाठवलं, तिला थांबवून घेतलं. आतले दिवे गेले, दार लागलं. घरची माणसं बाहेर उभीच.

दोन पोलिसांवर खटला चालला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे एक मोठं कारण. अहो, रात्री ठाण्यात, पोलिसापुढे, एवढीशी पोर झटापट करणार?

१९७९ मध्ये वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार जाणकारांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, किमान शिक्षा दहा वर्षं. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली, माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं. छळविरोधी करार तेव्हा जन्मालाही आला नव्हता. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अकरा नियम घातले: अटकेचा कागद साक्षीदारासमोर करायचा, घरच्यांना कळवायचं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरने तपासायचं. यासाठीसुद्धा पुष्टीची वाट कोणी पाहिली नाही.

मथुरेच्या हाती यातलं काही आलं नाही. नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही.