ओळख पटली, पुरावा उरला

आमच्या पोखर्णीत रेशन दुकानाच्या यंत्रावर अंगठा टेकवला की धान्य मिळते आणि एक नोंद मागे राहते. ओळख पटणे वेगळे आणि ती पटल्याचा पुरावा उरणे वेगळे, हे मला मोडी कागदांनी शिकवले.

जुन्या पत्रांत नाजूक विषय आला की बाकीचे मुखजबानी कळेल असे लिहून लेखणी थांबते. शिक्कामोर्तबाचा कागद शत्रूच्या हाती पडला तर तोच साक्षीदार होतो. तोंडी निरोप नाकारता येतो. पण निरोप्या खरा कशावरून? खूण सांगितली, तर ऐकणाराही उद्या तीच सांगेल.

तोतयाचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून मिरवू लागला. रत्नागिरीला कैदेत असलेल्या या माणसाला १७७६ मध्ये सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी सोडवले आणि कोकणात बंड पेटले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा झाली. माझ्या मते गोम इथे आहे : चेहरा जुळू शकतो, आठवणी पाठ करता येतात.

गुपित न सांगता ते आपल्याजवळ आहे हे पटवायचे कसे? १९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ या गणितज्ञांनी याचे उत्तर मांडले. ते समजावताना गुहेचा दाखला देतात. मी वाड्याचा देतो. वाड्यात दोन बोळ, आत त्यांना जोडणारे कुलूपबंद दार. तुम्ही माझ्या नकळत एका बोळातून आत जा. मग मी ओरडेन त्या बोळातून बाहेर या. किल्ली नसेल तर निम्म्या वेळा फसाल. वीसदा निभावण्याची शक्यता दहा लाखांत एक. माझी खात्री पटते, किल्ली मात्र मला दिसत नाही. आणि मी या खेळाचा पंचनामा केला तरी तिसऱ्याने तो का मानावा? बोळांचा क्रम आपण दोघांनी आधीच ठरवला असेल!

अंगठ्याच्या नोंदीला ही सोय नाही. आधार पडताळणीच्या नोंदी पाच वर्षे जपण्याची तरतूद होती. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत सहा महिन्यांवर आणली. कापूस वेचून रेषा झिजलेली म्हातारी यंत्रावर तीन-तीनदा बोट पुसून ठेवते. न जुळलेल्या बोटाचीही नोंद होते.