वर्गणी आणि प्रायोजक

आमच्या बारामती-इंदापूर भागात जत्रा असो की उरूस, कुस्त्यांचा फड गावच्या वर्गणीवर भरत आला आहे. इनाम देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. पण प्रेक्षकानं काय प्यावं, हे तो ठरवत नाही.

१९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले, तेही वर्गणीवरच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आता २००३ चा क्रिकेट विश्वचषक पाहा. पेप्सी प्रायोजक होती, म्हणून सेंच्युरियनच्या मैदानातून कोका-कोला पिणाऱ्या एका प्रेक्षकाला बाहेर काढलं. आपल्या खेळाडूंनी इतर कंपन्यांच्या जाहिराती कराव्यात की नाही, यावरून आयसीसीशी त्यांचा करारही अडला होता.

पैशाशिवाय खेळ होत नाही, हे खाशाबांच्या प्रवासातूनही दिसतं. फरक अटींचा आहे. खर्डेकरांनी पैसे दिले, ते खाशाबांनी कुस्ती खेळावी म्हणून. प्रायोजकाचं नाव फलकावर जरूर असावं. पण तिकीट काढून आलेल्या माणसाच्या हातातली बाटली त्याचीच राहावी, असं मला वाटतं.